नववीत गेलं की आधार संपतो

चौदाव्या वर्षापर्यंत आपल्या सरकारी आणि अनुदानित शाळांमधलं मूल, निदान कागदावर तरी, बऱ्यापैकी जपलेलं असतं. २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या, म्हणजे साधारण आठवीपर्यंतच्या मुलांसाठी आहे. त्याचं कलम १७ मारहाणीला आणि मानसिक छळाला बंदी घालतं. कलम १६ प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. दुपारचा पोषण आहार आठवीपर्यंत. मोफत पाठ्यपुस्तकं आठवीपर्यंत. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी गावोगावी चालणारी हंगामी वसतिगृहंही हाच वयोगट धरून आखलेली. मग जून उजाडतो, मूल नववीत जातं आणि एका उन्हाळ्याच्या सुट्टीत हे सगळं संपतं. गावाकडे तर शाळाही बदलते. जिल्हा परिषदेची शाळा सातवी-आठवीला संपते आणि पुढे एसटीने मोठ्या गावच्या हायस्कूलला जावं लागतं. ओळखीच्या बाई मागे राहतात, पोरांचा घोळका फुटतो, भाकरी घरून बांधून आणावी लागते. ज्याच्या घरी सकाळी भाकरी होते, त्याने.

मी अशाच एका हायस्कूलमध्ये शिकवते. नववीची वर्गशिक्षिका म्हणून काम केलं आहे आणि आजही करते. त्यामुळे किशोरवयीन मुलांच्या मानसिक आरोग्याबद्दल जी चर्चा वर्तमानपत्रांत, वाहिन्यांवर, शिक्षण परिषदांमध्ये चालते ती मी लक्ष देऊन ऐकते. एखादी वाईट घटना घडली की ती पेटते. समुपदेशक नेमा, हेल्पलाइनचे फलक लावा, तज्ज्ञांचं व्याख्यान ठेवा, सीसीटीव्ही बसवा, पालकांनी मुलांशी बोलावं, अशा सूचना येतात. यातल्या बऱ्याच मलाही मान्य आहेत. पण धोक्यातल्या मुलाला शाळेने द्यायचा पहिला भावनिक आधार यातल्या एकाही सूचनेत नाही. तो आधार म्हणजे त्या मुलाला शाळेत धरून ठेवणं, त्याचं नाव पटावर राहील हे बघणं. ज्या शाळेला ते मूल मुळात नकोच आहे, त्या शाळेत समुपदेशक बसवून काय साधणार?

प्रश्न किती मोठा आहे हे सांगायला आकडे आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरातल्या विद्यार्थ्यांच्या १३,०४४ आत्महत्या नोंदल्या आहेत आणि त्यात सर्वाधिक, १,७६४, महाराष्ट्रातल्या आहेत. यात महाविद्यालयांतली मुलंही आली, पण म्हणून शाळेला हात झटकता येत नाहीत. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात तेरा ते सतरा वयाच्या मुलांपैकी ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले होते. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात चार. आणि ही फक्त निदान होऊ शकेल अशा आजाराची मुलं. ज्यांना आजार नाही पण ज्यांचं घर मोडलंय, ज्यांच्या पोटात भीती आहे, ज्यांच्या बापाची दारू सुटत नाही, ती यात नाहीत.

ही मुलं ओळखायची कशी, यावर प्रशिक्षणांमध्ये पुष्कळ सांगितलं जातं. प्रश्नावल्या असतात, लक्षणांचे तक्ते असतात. माझ्या अनुभवात सगळ्यात आधी बोलतो तो हजेरीपट. दर सोमवारी गैरहजर असणारं मूल, दिवाळीनंतर आठवडाभर उशिरा उगवणारं मूल, चाचणीच्या दिवशी हमखास आजारी पडणारं मूल, मधल्या सुट्टीनंतर दप्तरासकट गायब होणारं मूल. मूल तोंडाने बोलायला तयार होईपर्यंत कधी कधी वर्ष जातं. हजेरीपटावर ते महिनाभरात दिसतं. पण शाळेत हजेरीपट बघितला जातो तो टक्केवारी काढण्यासाठी आणि नाव कमी करण्यासाठी. अमुक दिवस सलग गैरहजर, म्हणून नोटीस, म्हणून पटावरून कमी. त्या गैरहजेरीमागे काय आहे ते विचारायला कुणी घरी गेलं का, असा रकाना आमच्या कुठल्याही नमुन्यात नाही.

माझ्या वर्गातला एक मुलगा सांगते. त्याची ओळख पटेल असं काही सांगणार नाही. आई-बाप कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली, त्यामुळे न जाऊन चालत नाही. दिवाळीच्या आगेमागे ट्रॅक्टर भरतात आणि कोल्हापूर, सांगली नाहीतर कर्नाटकातल्या कारखान्यावर जातात, ते मार्च-एप्रिलपर्यंत. मुलगा म्हाताऱ्या आजीजवळ. आजीला दिसत कमी. म्हणजे सकाळी चूल त्याने पेटवायची, पाणी त्याने भरायचं, धाकट्या बहिणीची वेणी घालून तिला गावातल्या शाळेत सोडायचं आणि मग एसटी पकडायची. एसटी चुकली की दुसरा तास बुडतो. दुसऱ्या तासाला आला की वर्गाबाहेर उभं राहायचं. चार वेळा उशीर झाला की फर्मान निघतं, 'उद्या पालकांना घेऊन ये.' पालक कुठून आणायचे? ते दोनशे किलोमीटरवर फडात आहेत. हे तो चौघांत सांगत नाही, कारण आई-बाप ऊस तोडतात हे सांगायची त्याला लाज वाटते. मग सोपा उपाय त्याला एकच सुचतो, उद्या यायचंच नाही. परवा आणखी अवघड होतं. आठ दिवसांनी शाळेसमोरून जातानाही तो मान खाली घालतो. या मुलाला मानसोपचाराची गरज होती असं मला वाटत नाही. त्याला दहा वाजता वर्गात घेणारं कुणीतरी हवं होतं, आणि मार्चपर्यंत ते हवंच होतं.

ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी राज्य सरकारने २०२१ मध्ये संत भगवानबाबा यांच्या नावाने वसतिगृहांची योजना जाहीर केली, एकेचाळीस तालुक्यांत मुलांचं एक आणि मुलींचं एक अशी ब्याऐंशी. हंगामी वसतिगृहांतून सुटणाऱ्या मोठ्या मुलांना यातून निवारा मिळू शकतो, म्हणून योजना चांगलीच आहे. पण वसतिगृह मिळालं म्हणजे शाळेचं काम संपलं असं नाही. तिथे राहणाऱ्या मुलाचे पालक सभेला येणारच नाहीत, हे धरून त्याच्या शाळेने वागलं पाहिजे.

आता नको असलेल्या मुलाकडे येते. दहावीचा निकाल लागला की चौकात फ्लेक्स लागतात, 'शंभर टक्के निकालाची परंपरा कायम.' २०२५ मध्ये राज्याचा दहावीचा निकाल ९४.१० टक्के लागला. हा दर लागतो दहावीला बसलेल्या मुलांवर. नववीत किती होती, त्यातली दहावीच्या बाकावर किती पोचली, हा आकडा कुठल्याच फ्लेक्सवर नसतो. नववीच्या एप्रिलमध्ये बऱ्याच शाळांत काय चालतं हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. कच्च्या मुलांची यादी होते. पालकांना बोलावून सांगितलं जातं, 'हा दहावीला पास होणार नाही. दाखला घेऊन जा, आणि १७ नंबरचा फॉर्म भरा.' म्हणजे बाहेरून बसा. आमच्या निकालात येऊ नका.

१७ नंबरच्या फॉर्माला माझा विरोध नाही. कामाला लागलेल्या, शाळा सुटलेल्या, लग्न झालेल्या कितीतरी बायका-पुरुषांना त्याने पुन्हा परीक्षेला बसवलं आहे. तो त्यांच्यासाठीच आहे. पंधरा वर्षांच्या, शाळेत यायला तयार असलेल्या मुलाला तो हातात देणं ही वेगळी गोष्ट आहे. त्या दिवशी शाळा त्या मुलाला, त्याच्या आईच्या देखत, सांगते की तू आमच्या काही कामाचा नाहीस. इतका मोठा भावनिक घाव घालायचा आणि मग शिक्षक दिनाच्या आसपास 'ताणतणाव व्यवस्थापन' या विषयावर पाहुणे बोलवायचे, याचा मला मनापासून राग येतो. एनसीईआरटीने २०२२ मध्ये सहावी ते बारावीच्या तीन लाख एकोणऐंशी हजारांहून जास्त मुलांना विचारलं, तेव्हा ८१ टक्के मुलांनी चिंतेची कारणं म्हणून अभ्यास, परीक्षा आणि निकाल यांची नावं घेतली होती. निकालाची ती भीती शाळेच्या बाहेरून येत नाही. ती बरीचशी आम्हीच तयार करतो.

उलटं उदाहरणही आपल्याच राज्यात आहे. दहावीत नापास झालेल्या मुलांची फेरपरीक्षा पूर्वी ऑक्टोबरात व्हायची, म्हणजे वर्ष गेलंच. २०१५ पासून ती जुलैत होऊ लागली. दोन विषय राहिले तरी एटीकेटीने अकरावीला प्रवेश मिळतो. या निर्णयांना कुणी मानसिक आरोग्याचं धोरण म्हटलं नाही, पण जूनमध्ये निकाल हातात घेऊन घरी जायला घाबरणाऱ्या किती पोरांना त्यांनी सावरलं असेल याची कल्पना मला आहे. दार उघडं आहे हे कळल्यावर मुलाचा श्वास सुटतो. म्हणून २०२३ मध्ये राज्याने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणून नापास मुलांना त्याच वर्गात ठेवण्याची तरतूद केली, तेव्हा मला काळजी वाटली आणि अजून वाटते. मूल कच्चं राहू नये हा हेतू रास्त आहे. पण मागे ठेवलेल्या मुलाला पुढचं वर्षभर वेगळं शिकवायला माणूस दिला नाही, तर ते मूल फक्त धाकट्यांच्या वर्गात मान खाली घालून बसेल आणि एक दिवस येणं बंद करेल.

मुलींची गोष्ट आणखी नाजूक आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, वीस ते चोवीस वयाच्या ज्या बायकांचं लग्न अठराच्या आत झालं होतं त्यांचं प्रमाण राज्यात २१.९ टक्के निघालं, बीडमध्ये ४३.७ आणि परभणीत ४८. एसटीचा मोफत पास, सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाची मुलींसाठीची बस, यांनी मुली हायस्कूलपर्यंत येऊ लागल्या हे खरं. पण शाळेत आल्यावर तिने मनातलं कुणाला सांगायचं? समजा नववीतली मुलगी बाईंना विश्वासाने सांगते की एक मुलगा आवडतो, किंवा कुणी मेसेज पाठवून छळतोय. बाई घाबरतात. उद्या काही झालं तर माझ्यावर येईल, म्हणून त्या मुख्याध्यापकांना सांगतात, मुख्याध्यापक वडिलांना बोलावतात आणि पंधरा दिवसांत मुलीचं स्थळ ठरतं. चूक त्या पोराची असली तरी शाळा सुटते ती मुलीची. हे एकदा एका मुलीच्या बाबतीत झालं की पुढची पाच वर्षं त्या शाळेत कुठलीही मुलगी तोंड उघडत नाही. लैंगिक अत्याचार असेल तर पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना किंवा बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे, त्यात दुमत नाही. पण त्याखेरीज मुली आम्हाला जे सांगतात त्यातलं काय गुप्त ठेवायचं, घरी काय आणि कुणाला सांगायचं, आईला आधी की वडिलांना, हे आम्हाला कुणी शिकवलेलं नाही. गावातला ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, हेसुद्धा अनेक शिक्षकांना माहीत नसतं.

मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने शाळाशाळांत मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समित्या स्थापन करायला सांगितलं. बदलापूरच्या घटनेनंतर, ऑगस्ट २०२४ मध्ये, कितीतरी शाळांत त्या कागदावरही नव्हत्या हे उघडं पडलं. मग घाईघाईने समित्या झाल्या, तक्रारपेट्या लागल्या. तक्रारपेटी कुठे लावतात ते बघा. कार्यालयाच्या दाराशेजारी, शिपायाच्या खुर्चीसमोर, नव्याने बसवलेल्या कॅमेऱ्याच्या बरोबर खाली. मधल्या सुट्टीत तिथून शंभर पोरं जातात. त्या पेटीत चिठ्ठी टाकायला जी मुलगी पुढे होईल, तिचं नाव तास संपायच्या आत वर्गभर झालेलं असेल. पेटी उघडली की आत चॉकलेटचे कागद असतात आणि 'गणिताचे सर फार गृहपाठ देतात' अशी एखादी चिठ्ठी. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या आतल्या भिंतीवर ती लावावी, किल्ली दोन शिक्षिकांकडे असावी, इतका साधा बदलही सुचत नाही, कारण पेटी तपासणीच्या वेळी साहेबांना दिसली पाहिजे.

शिक्षकांची बाजूही मांडली पाहिजे, कारण ती खोटी नाही. 'आम्ही शिकवायचं की हे करायचं?' हा प्रश्न शिक्षकदालनात रोज विचारला जातो. वर्गात साठ-पासष्ट मुलं, सहा तास, त्यावर ऑनलाइन माहिती भरणं, निवडणुकीचं काम, सर्वेक्षणं, स्पर्धा, अहवाल. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्राने प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक 'आरोग्य दूत' म्हणून तयार करायची योजना आणली, त्यात भावनिक आरोग्य हा एक विषय आहे. पण दूत झालेल्या शिक्षकाचा एकही तास कमी होत नाही. वेळ न देता सोपवलेलं काम तोंडदेखलंच होणार. शिवाय शिक्षक डॉक्टर नाही. खोल नैराश्य, स्वतःला इजा करणं, व्यसन, हे ओळखता आलं तरी हाताळायला जाणकार माणूस हवा. तो कुठे मिळतो हे पालकांना ठाऊक नसतं. मानसोपचार म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर येरवडा, ठाणे, नागपूर नाहीतर रत्नागिरीचं मनोरुग्णालय येतं आणि ते उठून जातात. मानसिक आरोग्याच्या मदतीसाठीचा टेली-मानसचा १४४१६ आणि मुलांसाठीचा १०९८ हे क्रमांक मी प्रत्येक पालकसभेत फळ्यावर लिहिते. गरज पडली तर कुणीही, मुलानेही, ते फिरवावेत. पण ज्या घरात एकच मोबाइल आहे आणि तो वडिलांच्या खिशात आहे, तिथल्या मुलीला हेल्पलाइन किती उपयोगी पडणार?

म्हणून समुपदेशक हवाच. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थांनी किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा असं सांगितलं. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावं, सगळ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावं, गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडू नयेत, चारचौघांत अपमान करू नये, हेही त्यात आहे. हे वाचून मला बरं वाटलं. पण अनुदानित शाळेच्या संचमान्यतेत, म्हणजे सरकारने मंजूर केलेल्या पदांत, समुपदेशकाचं पद नाही. पद नाही म्हणजे पगार नाही. मग होतं काय, तर चित्रकलेच्या नाहीतर पीटीच्या सरांना आदेश निघतो की आजपासून तुम्ही समुपदेशक. फाइल पूर्ण होते.

प्रत्येक शाळेला एकेक माणूस द्यायला पैसा नाही, असं उत्तर येईल. मान्य करून बोलूया. केंद्रशाळेच्या परिसरातल्या चार-पाच माध्यमिक शाळांना मिळून एक समुपदेशक द्या. तो कायम नेमणुकीचा असावा, कंत्राटी नको, कारण दर अकरा महिन्यांनी बदलणाऱ्या माणसाजवळ कुठलं मूल मन मोकळं करेल? तिने किंवा त्याने प्रत्येक शाळेत आठवड्यातला एक ठरलेला वार यावं, मग पाऊस असो की परीक्षा. मुलाला कळलं पाहिजे की गुरुवारी त्या ताई येतातच. आणि नववीच्या वर्गशिक्षकाचे आठवड्याचे निदान तीन तास कमी करा, ते हजेरीपट घेऊन मुलांच्या घरी जाण्यासाठी. समुपदेशकापर्यंत मूल आणणारा हात वर्गशिक्षकाचाच असणार आहे. यात दरमहा जो खर्च येईल तो सीसीटीव्ही आणि कार्यशाळांच्या भोजनावर होणाऱ्या खर्चाशेजारी मांडून बघावा.

दोन गोष्टींना तर पैसाही लागत नाही. मे महिन्यात जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी आणि हायस्कूलचे वर्गशिक्षक एकदा समोरासमोर बसले पाहिजेत. आज हायस्कूलला येतो तो दाखला आणि गुणपत्रक. कुणाचे आई-बाप कोयत्यावर जातात, कुणाच्या घरी गेल्या वर्षी कर्जापायी बाप गेला, कोण आजीजवळ राहतं, कुणाला अजून वाचताना अडखळायला होतं, हे आठवीच्या गुरुजींना पाठ असतं आणि आम्हाला दिवाळी उलटेपर्यंत कळत नाही. तोवर उशीर झालेला असतो. हे कागदावर लिहून देऊ नये, कारण कागद फुटतात. तोंडी सांगावं, आणि ते वर्गशिक्षकाजवळच राहावं.

दुसरी गोष्ट शिक्षणाधिकाऱ्यांच्या हातात आहे. दरवर्षी शाळेचा निकाल जाहीर होतो, त्याच्या शेजारी एक आकडा सक्तीने छापायला लावा: तीन वर्षांपूर्वी आठवीत किंवा दोन वर्षांपूर्वी नववीत दाखल झालेल्या मुलांपैकी किती मुलं याच शाळेतून, नियमित विद्यार्थी म्हणून, दहावीला बसली. ज्यांनी दाखला नेला त्यांची कारणं मुख्याध्यापकांच्या सहीने लिहून घ्या आणि त्यातल्या काही पालकांना गटशिक्षणाधिकाऱ्यांनी स्वतः फोन करून विचारावं की दाखला तुम्ही मागितला होता की तुम्हाला दिला गेला.